मध्यंतराआधी समाप्त

मुलीशी बोलायचं असं अण्णांनी ठरवलं त्याला अकरा दिवस झाले होते, आणि या अकरा दिवसांत ते तिच्याशी पंख्याचं रेग्युलेटर, करपलेलं पातेलं आणि शेजाऱ्यांचं मांजर या तीन विषयांवर बोलले होते. मूळ विषय तसाच राहिला होता. तो असा की छबीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, समुद्रापलीकडच्या एका शहरात नोकरी लागली होती. छबी पुलांचे नकाशे काढायची, आणि तिकडे म्हणे पुलांचा सुकाळ होता. करार तीन वर्षांचा. हो की नाही, ते सोमवारच्या टपालाने कळवायचं होतं आणि आज शनिवार उजाडला होता.

"देवानं तोंड दिलंय ना तुम्हाला?" बायको म्हणाली. "मग सांगा तिला, जाऊ नकोस म्हणून. माझ्याकडे बघून कसले सुस्कारे टाकताय?"

"तू सांग ना."

"मी कशी सांगू? मला सकाळी वाटतं जावं, संध्याकाळी वाटतं जाऊ नये. माझं काही खरं नाही."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे बघ, मला बोलता येत नाही. माझ्यापेक्षा पिक्चर चांगला बोलतो. उद्या दुपारच्या शोला तिला घेऊन ये."

अण्णा गावातल्या जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. एकतीस वर्षं ते त्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टरांच्या मधे उभे होते, आणि या एकतीस वर्षांत चालू शोमध्ये पडदा एकदाही पांढरा पडला नव्हता, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. सध्या टॉकीजला एक हिंदी पिक्चर लागला होता. त्याचं नाव एवढं लांबलचक होतं की तिकीट काढताना ते कोणी पूर्ण घेत नसे. सगळे त्याला मातीचा पिक्चर म्हणत.

गोष्ट साधी होती. आठ रिळांचा पिक्चर. पहिल्या दोन रिळांत परदेशात शिकून मोठा झालेला नायक वाडवडिलांचं घर आणि शेत विकायला गावी येतो, आणि त्याचे आजोबा त्याच्याशी बोलत नाहीत. तीन आणि चारमध्ये भांडणं होतात, चुलतभाऊ गोठ्याला आग लावतो. पाच आणि सहा म्हणजे जुन्या आठवणी. सगळ्यांना वाटत असतं की हा अठराव्या वर्षी घरातून पळून गेला, पण खरं म्हणजे आजोबांनीच त्याला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलेलं असतं. सात आणि आठमध्ये नायक परतीचं तिकीट फाडतो, चुलतभाऊ पाया पडतो, आजोबा नातवाच्या मुठीत घरची माती देतात आणि त्याच्या मांडीवर डोळे मिटतात. समाप्त. तिसरा आठवडा चालू होता आणि अण्णा रोज तीन वेळा आठव्या रिळाला रडत होते. दगडालाही पाझर फुटेल असं ते रीळ होतं. छबी तर त्यांची मुलगी होती.

यात घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. पिक्चरची प्रत एकच आणि टॉकीज दोन. पुलाच्या त्या बाजूला नवी टॉकीज होती, तिथेही हाच पिक्चर होता. नव्या टॉकीजचा शो एक तास आधी सुरू व्हायचा. तिथली दोन रिळं दाखवून झाली की ती डब्यात भरून स्कूटरवरून इकडे यायची, इकडे ती चालेपर्यंत तिकडची पुढची दोन तयार व्हायची. ही ने-आण करायला अण्णांचा मेव्हणा होता. वय बावन्न, अंगापिंडाने भक्कम, स्वभावाने प्रेमळ आणि डोक्याने स्वतंत्र. त्यातला स्वतंत्र डोक्याचा भाग आतापर्यंत कोणाच्या लक्षात आला नव्हता.

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले. केबिनला एक चौकोनी भोक होतं, पडद्याकडे बघायला. त्याच्या बरोबर खाली बाल्कनीची शेवटची रांग. त्या रांगेत मधल्या दोन खुर्च्या त्यांनी बायको आणि छबीसाठी राखून ठेवल्या होत्या, म्हणजे पडदाही दिसावा, मुलीचं डोकंही दिसावं आणि कान दिला तर बोलणंही ऐकू यावं. छबीच्या पलीकडच्या खुर्चीत बाजारातला शिंपी येऊन बसला. हा माणूस पिक्चर बघताना शेजारच्याला समजावून सांगत असे. अण्णांना ते आवडलं नाही, पण त्याचंही तिकीट होतं.

पहिली दोन रिळं लोण्यासारखी गेली. नायक आला, घर बघून त्याने नाक मुरडलं, आजोबांनी तोंड फिरवलं. छबी खुर्चीत पुढे सरकून बघत होती. अण्णांचा जीव भांड्यात पडला. दुसरं रीळ निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी सवयीने दाराकडे हात लांब केला. रोज या वेळेला त्या हातात तीन नंबरचा डबा पडत असे. हात रिकामाच राहिला.

पाच मिनिटं गेली. मॅनेजर धावत वर आला. "अण्णा, तुमचा मेव्हणा कुठाय?"

"येईल."

"येईल कधी? रीळ संपत आलंय ना?"

"सहा मिनिटं आहेत."

मॅनेजरने कपाळाला हात लावला आणि तो हात तिथेच ठेवून उभा राहिला. दोन मिनिटं उरली तेव्हा जिन्यावर धापा ऐकू आल्या आणि मेव्हणा दोन डबे घेऊन आत आला. त्याचा चेहरा मोठं काम फत्ते केल्यासारखा फुलला होता.

"काही विचारू नका भाऊजी! तिकडे तीन नंबरचं रीळ तुटलं. नुसतं तुटलं नाही, मशीनमध्ये गुंडाळून बसलंय. अर्धा तास तरी लागेल म्हणतात."

"मग हे काय आणलंस?"

"सांगतो ना. तीन अडकलंय. चार त्याच्या पाठोपाठ लागणार, म्हणून तो देत नाही. पाच-सहा त्याला मध्यंतरानंतर लगेच लागतील. मी विचार केला, शेवटी लागणारी कुठली? सात आणि आठ. ती बिचारी नुसती बसून होती. म्हटलं, बसून काय करतायत, तेवढ्यात आपल्याकडे होऊन जातील!"

अण्णांनी डब्यांकडे बघितलं. सात. आठ. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, हा शेवट आहे!"

"हो, पण दाखवायचा तर आहेच ना कधीतरी? आधी काय, नंतर काय. लोकांनी पैसे आठ रिळांचे दिलेत, आठच्या आठ मिळतील त्यांना. एक कमी नाही."

खरं सांगायचं तर हिशेबात कुठे चूक नव्हती.

"लावा," मॅनेजर म्हणाला.

"काय लावा?"

"काहीही लावा हो! मागच्या महिन्यात दोन मिनिटं दिवे गेले होते तर लोकांनी सहा खुर्च्या मोडल्या. मालकांनी त्या माझ्या नावावर टाकल्या. पडदा पांढरा पडला तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

अण्णांनी भोकातून बघितलं. खाली छबीचं डोकं स्थिर होतं. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायची खूण करणारा काळा ठिपका चमकून गेला. म्हणजे आता आठ सेकंद. एकतीस वर्षांची सवय होती. डोकं नाही म्हणत होतं तोवर हातांनी सात नंबरचं रीळ चढवलंही होतं, आणि आता ते चालूही करून टाकलं.

एक गोष्ट अण्णांनी मात्र मनाशी पक्की केली. आठव्या रिळाच्या अगदी टोकाला 'समाप्त' ही पाटी येते. ती यायच्या आत प्रोजेक्टरची झडप पाडायची आणि मध्यंतर जाहीर करायचं. मग तीन-चार, मग पाच-सहा. गोंधळ होईल, पण पोरीला निदान सगळं बघायला तरी मिळेल.

पडद्यावर नायक, जो आत्ता आत्तापर्यंत खुर्चीवर रुमाल पसरून बसत होता, एकदम गुडघाभर चिखलात उभा राहून परतीचं तिकीट फाडू लागला. थिएटरात कुजबुज झाली.

"हा कधी सुधारला?" बायकोचा आवाज आला.

"मधे काही वर्षं गेली असणार," शिंपी म्हणाला. "हल्ली असं दाखवतात. आपण समजून घ्यायचं."

तेवढ्यात चुलतभाऊ आला. तो याआधी पडद्यावर आलेलाच नव्हता. त्याने आल्या आल्या नायकाचे पाय धरले आणि हमसून हमसून माफी मागितली.

"हा कोण?" छबीने विचारलं.

"असेल कोणी सज्जन माणूस," शिंपी म्हणाला. "काही लोकांना उगाचच माफी मागायची सवय असते. आमच्या दुकानात एक येतो तसा."

मग आठवं रीळ लागलं. आजोबा खाटेवर पडले. नातू धावत आला. आजोबांनी थरथरत्या हाताने माती उचलली आणि सारंगी वाजू लागली. आता झडपेच्या दोरीला हात लावून उभं राहायचं, असं अण्णा स्वतःला बजावत होते. पण त्या रिळाची आणि त्यांच्या डोळ्यांची तीन आठवड्यांची गाठ होती. म्हाताऱ्याने नातवाची मूठ मिटली आणि अण्णांना समोरचं काही दिसेना. रुमाल शोधायला त्यांनी दोरी सोडली. डोळे पुसून पुन्हा बघतात तर पडद्यावर चार हात लांब अक्षरांत 'समाप्त' आलं होतं.

शो सुरू होऊन जेमतेम सव्वा तास झाला होता. मग कोणीतरी उठलं. मग दहाजण उठले. खाली दाराशी झुंबड उडाली.

"बसा! सगळे बसा!" मॅनेजर पडद्यासमोर धावत जाऊन ओरडला. "ही इंटरव्हल आहे!"

"समाप्त आलंय ना!"

"ते पहिला भाग समाप्त! खरा पिक्चर पुढंच आहे! चहा घ्या आणि परत या!"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. घरी जाऊन तरी रविवारी दुपारी काय करायचं, असा विचार बहुतेकांनी केला असावा. ते चहा प्यायला गेले. मेव्हणा सात आणि आठचे डबे घेऊन पुन्हा पुलाकडे सुटला, कारण ती आता तिकडे लागणार होती.

बायको तावातावाने केबिनमध्ये आली. "अहो, म्हातारा गेला. घर राहिलं. तो भाऊ पाया पडला. आता पुढे काय दाखवणार?"

"बघ तरी."

"छबी विचारतेय. तिला काही लागत नाहीये त्याचं. मलाही लागत नाहीये. तुम्ही रोज ह्याला रडता?"

बायकोला खरं सांगितलं तर तिच्या पोटात ते तीन पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा राहणार नव्हतं, आणि छबीला ते कळलं असतं की मग पिक्चरचा सगळा परिणाम मातीत. "शेवटी सगळं लागतं," ते म्हणाले. "तिला सांग, शेवटपर्यंत उठू नकोस."

मेव्हणा वेळेवर तीन आणि चार घेऊन परतला, तिथल्या तिथे पाच-सहा आणायला पुन्हा पळाला, आणि दुसरा भाग सुरू झाला. पहिल्याच दृश्यात आजोबा खाटेवर उठून बसले, खोकले आणि त्यांनी पाणी मागितलं.

पुढच्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं.

"जुळा भाऊ," शिंपी घाईने म्हणाला. "दोघं भाऊ होते. एक गेला, हा उरला."

"मग नातू ह्याला आजोबाच म्हणतोय की," छबी म्हणाली.

"चुलत आजोबा. पण आजोबाच ना."

नायक पुन्हा इस्त्रीच्या पँटमध्ये आला होता आणि घर विकायच्या गोष्टी करत होता. लोकांना त्याचा फार राग आला. एकदा मातीत लोळून झाल्यावर पुन्हा असा उलटलेला माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. आणि मग चुलतभाऊ अंधारातून पलिता घेऊन गोठ्याकडे निघाला.

"अरे, आत्ताच पाया पडलास ना!" खालून कोणीतरी ओरडलं. "लाज नाही वाटत?"

थिएटर पेटलं. चुलतभावाला इतक्या शिव्या तीन आठवड्यांत कधी पडल्या नव्हत्या. माफी मागून पुन्हा तेच करणारा माणूस प्रत्येकाच्या घरात एक तरी होता, आणि प्रत्येकजण आपापल्या माणसाला ओरडत होता. शिंप्याने पाच मिनिटं काहीच समजावून सांगितलं नाही. त्याचा बहुधा धाकटा भाऊ तसा असावा.

केबिनमध्ये अण्णा घामाघूम होऊन एकच विचार करत होते. पाच आणि सहा लागल्यावर पिक्चर कुठे संपणार? स्टेशनवर. आजोबा स्वतःच्या हाताने नातवाला गाडीत बसवून देतात तिथे. म्हणजे ज्या मुलीला राहा म्हणून सांगायचं, तिला टॉकीजभर अंधार करून, मोठ्या पडद्यावर, जा म्हणून सांगितल्यासारखं होणार. पाच-सहाचे डबे घेऊन मेव्हणा आला तसा त्यांनी त्याचा दंडच धरला.

"हे बघ. मला आठ नंबरचं पुन्हा पाहिजे."

"पुन्हा? ते तर इथं दाखवून झालंय!"

"पुन्हा दाखवायचं. शेवटाला. छबीसाठी. तिकडं ते संपलं की तसंच उचल आणि उडत ये. सहा संपायच्या आत."

मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. भाचीसाठी त्याने पुलावरून उडीसुद्धा मारली असती. "आणतो," तो म्हणाला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेला.

पाचव्या रिळात आजोबांचे केस काळे होते.

"बघा," शिंपी हळूच म्हणाला. त्याचा आवाज आता बदलला होता. "मेल्यावर माणसाचं सगळं दुखणं जातं म्हणतात. तरुण होतो तो. हे सगळं त्या नातवाच्या मनातलं आहे. म्हातारा गेलाय, पण ह्याला तो दिसतोय."

पुढच्या तीन-चार रांगांनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. बायकोने पर्समधून रुमाल काढला होता. अण्णा एक कान सिनेमाकडे आणि एक कान रस्त्याकडे लावून उभे होते. स्कूटरचा आवाज येत नव्हता.

सहावं रीळ निम्मं झालं. स्कूटर नाही. आजोबांनी नातवाची पेटी खांद्यावर घेतली. स्कूटर नाही. गाडी फलाटाला लागली. आजोबांनी नातवाला आत ढकललं आणि खिडकीचे गज धरून म्हणाले, "जा बेटा. मैं कह रहा हूँ, इसलिए जा." गाडी हलली. पोरगा रडता रडता हसला. म्हातारा फलाटावरून एकटा परत चालू लागला, त्याची पाठ लहान लहान होत गेली, आणि रीळ संपलं.

पडदा पांढरा पडायच्या आत अण्णांनी झडप सोडली. मग आणखी काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी दिवे लावले.

कोणी हललं नाही. अण्णांनी भोकाच्या कडेला हात टेकले. आता खुर्च्या मोडण्याचा आवाज येईल, असं त्यांना वाटलं. पण आला तो टाळ्यांचा आवाज. आधी शिंप्याने वाजवल्या, मग सगळ्यांनी. लोक डोळे पुसत, एकमेकांना समजावून सांगत, अजिबात घाई न करता बाहेर पडत होते. प्रत्येकाला वेगळंच समजलं होतं आणि प्रत्येकाला ते पटलं होतं.

दार उघडून छबी आत आली. मागे बायको होती. छबीचं नाक लाल झालं होतं. ती अण्णांच्या गळ्यात पडली, आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची वाट लागली.

"बाबा, तुम्ही पण ना! सरळ सांगायचं की."

"काय सांगायचं?"

"अकरा दिवस येताय आणि पातेल्यावर बोलून जाताय. मला वाटलं, तुम्हाला मी जायला नकोय. म्हणून मी नाही म्हणून कळवणार होते." तिने पर्समधून एक पाकीट काढलं. "हे बघा. नकाराचं पत्र. परवाच लिहिलंय. आता इथून जाताना टाकणार होते."

अण्णांनी पाकिटाकडे बघितलं. वर तिकीटसुद्धा लावलेलं होतं.

"आणि तुम्ही मला हे दाखवायला आणलंत," छबी म्हणाली. "सगळं होऊन गेलं, माणूस मेला, तरी शेवटी परत येऊन नातवाला काय सांगतो? जा. मी सांगतोय म्हणून जा. कसला शेवट आहे हो! तुम्ही रोज ह्याला रडता, ते आज कळलं मला."

अण्णांना एकच वाक्य बोलायचं होतं. रिळं उलटसुलट लागली, एवढंच. चार शब्दांचं वाक्य. ते बोललं की छबी हसली असती, पाकीट पेटीत पडलं असतं आणि ती उद्या सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन ऑफिसला गेली असती. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. गेले अकरा दिवस हा चेहरा जेवताना खाली बघत होता, आणि तो आपल्यामुळे खाली बघत होता, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. आणि तिने आपल्यासाठी ते पत्र लिहिलं होतं याचा त्यांना आनंदही झाला, याची त्यांना लाज वाटली.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मेव्हणा दारात उभा राहिला. तो घामाने निथळत होता आणि त्याने डबा पोटाशी धरला होता.

"पेट्रोल संपलं! सकाळपासून किती खेपा झाल्या! पुलावरून पळत आलो, पण आणलं! आठ नंबर! भाऊजी, लोकांना थांबवा, अजून वेळ गेली नाही, लावा!"

"आठ नंबर काय?" छबीने विचारलं.

मेव्हण्याने अण्णांकडे बघितलं. बायकोने अण्णांकडे बघितलं. तिच्या कपाळावर आठी उमटत होती. तिला हळूहळू काहीतरी लागायला लागलं होतं.

"पुढच्या शोचं आहे," अण्णा म्हणाले. "ठेव तिकडे."

"पण तुम्हीच म्हणालात..."

"ठेव म्हटलं ना. आणि पाणी पी आधी." मग ते छबीकडे वळले. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "हो. जा. मी सांगतोय म्हणून जा."

छबीने पाकिटाचे दोन तुकडे केले आणि फिल्मच्या कतरणांच्या टोपलीत टाकले. मॅनेजर वर येऊन अण्णांचा हात हातात घेऊन हलवू लागला. लोकांनी रात्रीच्या शोची तिकिटं मागितली होती आणि आज दाखवला तसाच दाखवाल ना, असं विचारलं होतं. अण्णांनी हात सोडवून घेतला आणि सहा नंबरचं रीळ परत गुंडाळायला घेतलं.

छबी गेली. अण्णांनी तिला फलाटावरून निरोप दिला आणि परत चालताना मागे वळून बघितलं, पण कोणी बघत नव्हतं. त्यानंतर ते दर रविवारी सकाळी टेलिफोनजवळ खुर्ची ओढून बसत आणि फोन आला की तिकडच्या हवेबद्दल बोलत. पाच महिने हवा चालली.

सहाव्या महिन्यात एका रविवारी छबी फोनवर नेहमीपेक्षा जोरात बोलत होती.

"बाबा, आपला मातीचा पिक्चर इकडे आलाय! काल आम्ही ऑफिसमधल्या पाचजणी गेलो होतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, शेवट बघाच म्हणून. आणि काय सांगू तुम्हाला, यांनी सगळा विचका करून ठेवलाय!"

"का? काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अहो, स्टेशनचा सीन मधेच कुठेतरी येऊन जातो! आणि शेवटाला तो तिकीट फाडतो, गावातच राहतो, आजोबा मरतात, संपलं! म्हणजे तो परत येतो, तिथंच पिक्चर संपवतात. मी जाऊन मॅनेजरला चांगलं झापलं. म्हटलं, माझे वडील एकतीस वर्षं ऑपरेटर आहेत, मला शिकवू नका, तुमची रिळं उलटसुलट लागलीत."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणतो, पिक्चर असाच आहे! वाद घालत होता माझ्याशी. ऑपरेटर बाहेर आला, तोही तेच. बाबा, इतकी मोठी थिएटरं बांधलीत यांनी, आणि तुमच्यासारखा एक माणूस नाही त्यांच्याकडे."

अण्णांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती आणि हाताने काय, काय, असं विचारत होती. त्यांनी तिच्याकडे पाठ केली.

"छबे, किती दिवस आहे गं तो तिकडे?"

"अजून आठवडाभर असेल. का?"

"नाही, म्हटलं, वेळ मिळाला तर पुन्हा एकदा बघून ये."

"तसलाच? चुकीचा?"

"हो," अण्णा म्हणाले. "चुकीचाच बघ."